पोरगं पुण्याला गेलं म्हणून ओरडता, पण कोच कुणी जाऊ दिला?

बारावीचा निकाल लागला की आमच्या खो-खोवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषयच नसतो. कोण कुठं चाललंय, कुणी कुणाला उचललं, कुठल्या कॉलेजात कोण सर आले, दिवसभर हेच. यंदाही तेच झालं. आमच्या उमरगा भागातला एक पोरगा आहे, पळतीला एक नंबर, खांबाजवळनं असा वळतो की मागच्याचा हात नुसता हवेत राहतो. त्यानं पुण्याच्या कॉलेजात ॲडमिशन घेतलं. राहायची-खायची सोय, रोज मॅटवर प्रॅक्टिस, क्लबकडनं बूट आन् किट. झालं, मध्यरात्र उलटली तरी ग्रुप पेटलेला. "घडवायचं आपण आन् न्यायचं पुण्यानं", "जिल्हा संघटनेनं एनओसीच द्यायला नको", "बापाला जाऊन भेटा, समजावून सांगा". एकानं तर लिहिलं की ह्याला मातीची काही पडलेलीच नाही.

मला ते वाचून लई वाईट वाटलं. अठरा वर्षांचं पोरगं आहे ते. बाप दुसऱ्याच्या शेतात सालावर आहे, बहीण नववीला आहे, आन् आपण फोनवर बोटं चालवून त्याला गद्दार ठरवायलाव.

ग्रुपवर मी थोडक्यात लिहिलं होतं, पण तिथं धड वाचतं कोण, मधेच कुणीतरी गुड मॉर्निंगचा फोटो टाकतं आन् विषय वाहून जातो, म्हणून इथं सविस्तर लिहायलाव. त्या पोराच्या आधी त्याचे सर गेले. सगळ्या भांडणात ही एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. जवळच्या एका कॉलेजात ते अकरा महिन्यांच्या करारावर होते, दरवर्षी जूनमध्ये फाईल फिरायची, दरवर्षी पगार दिवाळीनंतर. शेवटी ते पुण्याच्या एका अकॅडमीत गेले. वर्षभरानं पोरगं त्यांच्या मागं गेलं. आता सांगा, पुण्यानं पोरगं नेलं का आपण सर घालवले?

ते सर काय करायचे हे ज्यांनी बघितलंय त्यांना विचारा. खांबाला गोणपाट गुंडाळायचे, खाली ओढ्याची वाळू टाकायचे आन् खांब धरून सूर मारायचा पोल डाईव्ह शिकवायचे, म्हणजे पोरांच्या छातीला आन् कोपराला मार बसू नये. प्रॅक्टिस झाली की पोरं पाणी प्यायला पळायची, हे मात्र ग्राउंडवरच थांबायचे, खाली वाकून मातीतले ठसे बघत. खो मिळाल्यावर बसलेला गडी उठतो तेव्हा त्याचं पहिलं पाऊल कुठं पडलं ते ठशावरनं कळतं. पाऊल जरा मागं पडलं की अर्धा सेकंद गेला, आन् खो-खोत अर्ध्या सेकंदात पळणारा हातातनं निसटतो. मग दुसऱ्या दिवशी ते त्या पोराला चुन्याची रेघ मारून द्यायचे, पाऊल हिच्या पलीकडंच पडलं पाहिजे. महिना-महिना एकच गोष्ट, खो, ऊठ, पाऊल. आपल्या पोराची ती वळण घ्यायची कला, जी बघून तुम्ही व्हिडिओ फॉरवर्ड करता, ती या चुन्याच्या रेघेतनं आलीय.

असला माणूस आपण अकरा महिन्यांच्या करारावर ठेवला.

आता मी जरा लांबचं सांगतो, पण विषय हाच आहे. माझा आत्येभाऊ तिकडं अमेरिकेत इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टनला शिकायला आहे, इंडियाना युनिव्हर्सिटीत. त्याच्यामुळं मला तिकडच्या कॉलेज फुटबॉलचा नाद लागला. हा आपला पायानं खेळायचा फुटबॉल नाही, बॉल हातात घेऊन पळायचं, समोरच्यानं आडवं पाडायचं, तो फुटबॉल. तिकडं शनिवारी दुपारी मॅच सुरू झाली की आपल्याकडं रात्र झालेली असते, आन् त्यांची रात्रीची मॅच म्हणजे आपली रविवारची पहाट. तिथली पब्लिक कॉलेजच्या टीमसाठी जेवढी वेडी आहे तेवढी आपल्याकडं फक्त क्रिकेटला. आन् भांडणं? शब्दाला शब्द आपल्या ग्रुपसारखीच. कोच कुणाला घ्यायचं, कुठला खेळाडू सोडून गेला, आपल्या राज्यातलं पोरगं दुसऱ्या राज्याच्या कॉलेजनं कसं नेलं. लुइझियानातल्या माणसाला वाटतं लुइझियानातलं पोरगं एलएसयूलाच, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीलाच, खेळलं पाहिजे. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया इकडं खेळाडू लई पिकतात, त्यामुळं सगळ्या देशातले कोच तिथल्या शाळांत चकरा मारतात, पोराच्या घरी जाऊन आईबापासोबत जेवतात. आपल्याकडं उमरगा-निलंगा-तुळजापूर पट्ट्यात शालेय स्पर्धांना पुण्या-मुंबईचे लोक येऊन कडेला उभे राहतात, तसंच.

पूर्वी तिकडं खेळाडूनं कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं, म्हणजे नाव टाकलं की बाकीची कॉलेजं थेट बोलू शकतात. 2021 पासून पहिल्या बदलाला बाहेर बसायची अट गेली, 2024 मध्ये कितीही वेळा बदला अशी मुभा झाली, अभ्यासात मार्क ठीक पाहिजेत एवढंच. त्याच 2021 च्या जुलैपासून खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, आन् 2025 पासून तर कॉलेजच थेट वाटा देतं, एका कॉलेजला पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. हे सगळं आल्यावर तिथल्या जुन्या लोकांनी लई आरडाओरडा केला, निष्ठा संपली, पोरं विकली गेली. पण त्यातच एक बारीक नियम आहे तो मला फार शहाणपणाचा वाटतो. कोच बदलला की त्या टीमच्या खेळाडूंना पोर्टलमध्ये जायला वेगळी मुदत मिळते. पोरगं कॉलेजच्या इमारतीकडं बघून आलेलं नसतं, माणसाकडं बघून आलेलं असतं, हे त्यांनी नियमातच मान्य करून टाकलंय.

आता इंडियानाचं बघा. ही टीम म्हणजे सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त मॅच हरलेल्यांपैकी एक. 2023 मध्ये 12 पैकी 3 जिंकल्या. आत्येभाऊ सांगायचा, लोक मॅचच्या आधी ग्राउंडबाहेर जेवणं करायला यायचे आन् अर्ध्यातनं घरी. त्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी त्यांनी कर्ट सिग्नेटी नावाचा कोच आणला, साठी ओलांडलेला माणूस. तो पूर्वी अलाबामा युनिव्हर्सिटीत निक सेबन या नावाजलेल्या कोचच्या हाताखाली होता, खेळाडू निवडायचं काम त्याच्याकडंच होतं. तिथली मोठी नोकरी सोडून तो पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान कॉलेजात मुख्य कोच म्हणून गेला, जिथं त्याचे वडीलही कोच होते. मग ईलॉन, मग जेम्स मॅडिसन, या दोन युनिव्हर्सिट्या. पायरीपायरीनं, प्रत्येक ठिकाणी जिंकत. इंडियानात आल्यावर त्याला विचारलं की तू पोरांना इकडं यायला कसा पटवतोस, तर म्हणाला मी जिंकतो, गूगल करून बघा.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. तो आला तेव्हा जेम्स मॅडिसनमधले डझनभर खेळाडू त्याच्यासोबत आले. एलायजा सॅरॅट, एडन फिशर, डीअँजेलो पॉन्ड्स, अशी कुणाला माहीत नसलेली नावं. पॉन्ड्सची उंची पाच फूट नऊ इंच, फुटबॉलच्या मानानं बुटका, मोठ्या कॉलेजांनी लक्षच दिलं नव्हतं. सिग्नेटीचं म्हणणं असं की अंगापिंडानं कसा दिसतो ते मला नका सांगू, मैदानावर काय करून दाखवलंय ते दाखवा. 2024 मध्ये टीम 11 जिंकली. आन् 2025 च्या सीझनला 16 पैकी 16. अलाबामाला 38-3 नं हाणलं, ओरेगॉनविरुद्ध सेमीफायनलला पहिल्याच प्लेला त्याच बुटक्या पॉन्ड्सनं बॉल मधेच झडप घालून पळवला आन् टचडाऊन केला, म्हणजे बॉल समोरच्याच्या शेवटच्या रेघेपलीकडं नेला. 19 जानेवारी 2026 ला मायामीत फायनल, आपल्याकडं मंगळवारची सकाळ, मी ऑफिसला उशिरा गेलो त्या दिवशी. समोर मायामीचीच टीम, त्यांच्या घरच्या ग्राउंडवर, आन् इंडियानाचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीम चालवणारा, फर्नांडो मेंडोझा हा मायामीतच वाढलेला पोरगा. त्याचं आधी येल युनिव्हर्सिटीला जायचं ठरलेलं, मग कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीला गेला, तिथनं ट्रान्सफर घेऊन इंडियानाला. चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, स्वतः बॉल घेऊन घुसला, अंगावर माणसं घेत, उडी मारून टचडाऊन. 27-21. त्याच सीझनचा हाइझमन, म्हणजे तिकडचा सगळ्यात मोठा खेळाडूचा मान, तोही त्यालाच.

मायामीच्या लोकांनी म्हणायला पाहिजे होतं ना, आमचंच पोरगं आमच्याच घरात आमच्याविरुद्ध? काही म्हणालेही असतील. पण खरा प्रश्न हा की त्याला ओळखलं कुणी, घडवलं कुणी आन् संधी दिली कुणी.

अजून एक गोष्ट. ऑक्टोबर 2025 मध्ये सीझन मधोमध आलेला, पेन स्टेटसारख्या मोठ्या कॉलेजनं आपला कोच काढला होता आन् सगळीकडं चर्चा की ते सिग्नेटीला उचलणार. इंडियानानं सीझन संपायची वाट बघितली नाही. त्याच आठवड्यात 8 वर्षांचा नवा करार करून टाकला. आत्येभावानं मला मेसेज केला, "दादा, आता काही टेन्शन नाही." एका विद्यार्थ्याला वाटतं की कोचचा करार झाला म्हणजे आपलं टेन्शन गेलं! आपल्याकडं कुठल्या विद्यार्थ्याला आपल्या कॉलेजच्या क्रीडा संचालकाचा करार कधी संपतो हे माहितीय?

आमच्यातला एक दोस्त, जो स्वतः पीटीचा शिक्षक आहे, त्याचं म्हणणं वेगळं. तो म्हणला, "आरं, तिकडं पैशाचा पाऊस हाय, आन् कोचबी काय कमी न्हाईत, तेच आधी पळत्यात." ते खरंय. नोव्हेंबर 2025 च्या शेवटी लेन किफिन नावाच्या कोचनं ओल मिसची, म्हणजे मिसिसिपी युनिव्हर्सिटीची, टीम ऐन प्लेऑफच्या, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांच्या, तोंडावर सोडली आन् एलएसयूला गेला. टीमनं 12 पैकी 11 जिंकलेल्या. ते लोक किती चिडले असतील विचार करा. मग सहायक कोच पीट गोल्डिंगला त्यांनी वर घेतलं आन् त्याच्या हाताखाली ती टीम सेमीफायनलपर्यंत गेली. आन् पैसा वाया घालवायचं म्हणाल तर टेक्सस ए अँड एमनं 2023 मध्ये कोच जिंबो फिशरला काढताना करारापोटी साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं कबूल केलं, म्हणजे तेव्हाच्या भावानं 600 कोटी रुपयांच्या पुढं. खेळवायचं नाही म्हणून 600 कोटी! एवढ्यात मराठवाड्यातल्या सगळ्या तालुक्यांत मॅट पडून वर पैसे उरतील. तर तिकडचं सगळं चांगलं असं मी म्हणतच नाही. फक्त एक, कोच कोण असावा याच्यावर तिथला साधा माणूस भांडतो. आपल्याकडं खेळाडूवर भांडतो, आन् कोचच्या पदाची जाहिरात निघाली का नाही हे कुणाच्या गावीही नसतं.

आन् हे फक्त अमेरिकेतलं नाही. आपल्या मातीतलं उदाहरण घ्या, कुस्तीचं. हरिश्चंद्र बिराजदार मामा निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. कोल्हापूरला गंगावेस तालमीत घडले, 1969 चे महाराष्ट्र केसरी. वस्ताद झाले ते मात्र पुण्यात, गोकुळ वस्ताद तालमीत. काका पवार लातूर जिल्ह्यातले, अर्जुन पुरस्कार मिळालेले, त्यांचंही कुस्ती संकुल पुण्यात कात्रजकडं. आता राहुल आवारे बघा, बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. शिकायला कुठं गेला? पुण्याला. कुणाकडं? आधी बिराजदार मामांकडं, मामा 2011 मध्ये गेल्यावर काका पवारांकडं. 2018 ला गोल्ड कोस्टला कॉमनवेल्थचं गोल्ड, 2019 ला वर्ल्ड चॅम्पियनशिपला ब्राँझ. गोल्ड त्यानं मामांना अर्पण केलं.

म्हणजे बीडचं पोरगं लातूरच्या वस्तादाकडं शिकायला गेलं, पण त्यासाठी त्याला पुणे गाठावं लागलं. पाटोद्याहून लातूर काय लांब आहे? वस्ताद लातूरला असते तर पोरगं लातूरला आलं असतं. मी हे वाक्य ग्रुपवर टाकलं तेव्हा पहिल्यांदा सगळे गप झाले.

बरं, आता उलटं उदाहरण, आन् हे आपल्या अभिमानाचं. धाराशिव. खो-खोत धाराशिवचं नाव देशात आहे, ते कशामुळं? तिथल्या पाण्यात काही वेगळं आहे का? उन्हाळ्यात तर तिथं पाणीच नसतं. तिथं डॉ. चंद्रजित जाधव सर थांबले. वर्षानुवर्षं त्याच शहरात, पोरी गोळा करत, घरोघर जाऊन आईबापाला पटवत. सारिका काळे तिथलीच. घरची परिस्थिती अशी की दोन वेळचं जेवण कठीण. 2016 ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कॅप्टन आन् गोल्ड, 2020 ला अर्जुन पुरस्कार, खो-खोला तो 22 वर्षांनी मिळाला. पुढं ती क्रीडा खात्यातच अधिकारी झाली. आन् गोष्ट एका पोरीवर थांबली नाही, खरी परीक्षा तीच असते. जानेवारी 2025 ला दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, आपल्या पोरींनी फायनलला नेपाळला 78-40 नं हरवलं, त्या टीममध्ये अश्विनी शिंदे होती, ती पण धाराशिवचीच. एका माणसानं एका जागी थांबायचं ठरवलं तर काय होतं त्याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही.

त्याच टीमची कॅप्टन प्रियांका इंगळे. मूळ गाव बीड जिल्ह्यातलं, घडली पिंपरी-चिंचवडकडं. वर्ल्ड कप जिंकल्यावर आपल्या लोकांनी स्टेटस ठेवले, बीडची लेक. ठेवा की, आनंदच आहे. पण जे लोक लेक म्हणून स्टेटस ठेवतात तेच लोक उमरग्याचं पोरगं पुण्याला गेलं की गद्दार म्हणतात, हे मला पटत नाही. जिंकल्यावर आपलं आन् जाताना परकं, असं कसं चालेल?

आपल्या भागातलं विद्यापीठाचं गणित पण जरा समजून घ्या, कारण अर्धी भांडणं त्याच्यावरनंच होतात. 1958 ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं, तेव्हा सगळा मराठवाडा एकच टीम. 1994 ला नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं आन् लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली तिकडं गेले. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव इकडं राहिले. म्हणजे उमरग्याचं पोरगं गावात शिकलं तर संभाजीनगरच्या विद्यापीठाकडनं खेळणार, आन् लातूरला ॲडमिशन घेतलं तर नांदेडकडनं. माझंच बघा, मी मूळ उमरग्याकडचा, आता लातूरला राहतो, माझे अर्धे दोस्त इकडच्या टीमचे, अर्धे तिकडच्या. अश्वमेधला, म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेत, दोन्ही टीम समोरासमोर आल्या की एकाच गावची दोन पोरं एकमेकांना पळवायलेली असतात. त्यात काही वाईट नाही. पण कॉलेजं काय करतात, पोराला फी माफी देतो म्हणून घेतात, झोनलला खेळवतात, सर्टिफिकेट आलं की विषय संपला. कोच कायम नाही, मॅट नाही, डाएट नाही. पोरगं दुसऱ्या वर्षाला विचार करणारच की.

आन् आईबाप का पाठवतात हे पण समजून घ्या. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण चांगल्या पदाला निदान नॅशनलचं मेडल तरी पाहिजे. नॅशनलला जायचं तर स्टेटच्या टीममध्ये नाव पाहिजे, आन् तिथं रोज मॅटवर खेळणारं पोरगं पुढं जातं, मातीवर खेळणारं मागं राहतं, कारण मॅटवर पायाची पकड वेगळी, सूर मारायचा अंदाज वेगळा. त्या पोराच्या बापानं मला एवढंच विचारलं, "सायेब, हितं ऱ्हायला तर नोकरी लागंल का?" काय उत्तर देणार होतो मी? मी म्हणलं, जाऊ द्या त्याला.

म्हणून माझं मत पक्कं आहे. एनओसी अडवून पोरगं थांबत नाही, त्याचं वर्ष तेवढं वाया जातं. पोराला मोकळं सोडा. अडवायचंच असेल तर कोचला अडवा, आन् कोच अडवायचा म्हणजे त्याला वेळेवर पगार, कायम नेमणूक, आन् ग्राउंडची किल्ली. मागं एका कॉलेजात क्रीडा संचालकाच्या मुलाखतीला आमचे एक सर गेलेले, बाहेर येऊन म्हणाले, नेट-सेट विचारलं, पीएचडी विचारली, पेपर किती छापले ते विचारलं, तुमच्या हाताखालनं किती पोरं स्टेटला गेली हे कुणी विचारलंच नाही. पदवी पाहिजेच, नियम आहे, माझा विरोध नाही. पण सिग्नेटी जे खेळाडूला लावतो, मैदानावर काय करून दाखवलंय ते दाखवा, तेच माप आपण कोचला का लावू नये?

मग पीटीवाला दोस्त म्हणला, "बरं मान्य, पण पगार कुणी द्यायचा? संस्था म्हणतीय पदाला मान्यता न्हाई, सरकार म्हणतंय बघू." बरोबर विचारलं त्यानं. मान्यता आणायची ती लढाई लांबची आहे, ती संघटनांनी लढावी, आपण मागं उभं राहू. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचं का? आमच्या भागात जुने खेळाडू किती आहेत बघा, पोलिसात आहेत, रेल्वेत आहेत, शाळांत आहेत, स्पोर्ट कोट्यातनंच लागलेले. दरवर्षी गणपतीला वर्गणी देतो, एखाद्या स्पर्धेला लाखाचं बक्षीस लावतो, ट्रॉफ्यांवर नावं टाकून घेतो. तोच पैसा एका कोचच्या महिन्याच्या मानधनाला लावला तर? एका स्पर्धेचा मंडप आन् डीजे वाचवला तर एका माणसाचे कितीतरी महिने निघतात. मी स्वतः दर महिन्याला द्यायला तयार आहे आन् ग्रुपवर अजून काही जणांनी हो म्हणलंय, त्यात तो मातीची काही पडलेली नाही लिहिणारा पण आहे, त्याचं मला विशेष वाटलं.

सरांशी मी फोनवर बोललो. पुण्यात त्यांचं बरं चाललंय, पोरगं पण त्यांच्याच नजरेखाली आहे. परत याल का म्हणलं तर लगेच नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, मला पगार कमी चालंल, पण दरवर्षी जूनमध्ये माझी फाईल फिरायला नको, आन् पोरींची टीम पण सुरू करायची, नुसती पोरांची नाही. दोन्ही मागण्या रास्त आहेत.

तर आता असं ठरलंय. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेची बैठक जुलैच्या शेवटी आहे. त्याच्या आधी अध्यक्षांना भेटून निवेदन द्यायचं, की सरांना किमान तीन वर्षांचा करार द्या, मानधनाचा अर्धा भार आम्ही जुने खेळाडू उचलतो, ग्राउंडवर संध्याकाळी लाईट आन् पोरींसाठी कपडे बदलायची खोली एवढं संस्थेनं करावं. निवेदनाचा मसुदा तयार आहे. उमरगा, निलंगा, औसा, लोहारा, लातूर इकडचे जे कुणी कधीकाळी कॉलेजकडनं नाहीतर विद्यापीठाकडनं खो-खो खेळलेत, मग ते संभाजीनगरकडनं असोत नाहीतर नांदेडकडनं, त्यांनी येत्या रविवारी सकाळी सातला ग्राउंडवर या. सही करा, खाली कुठल्या साली कुणाकडनं खेळलात तेवढं लिहा. पीटीवाला दोस्त रजिस्टर घेऊन साडेसहापासनं तिथं बसणार आहे.